पाळकसाहेब मध्येच थांबायचे

२०१८ साल. मी एकाहत्तरचा. त्या साली जतच्या आमच्या चर्चला दानीएल पाळकसाहेब आले आणि पहिल्याच रविवारी उपदेश अर्ध्यात सोडून म्हणाले, "इथून पुढं मला ठाऊक नाही." आणि खाली बसले. शेजारचा म्हातारा कुजबुजला, "बायबलाची मूळ हिब्रू शिकून ह्यास्नी ठाऊक न्हाई, मग आपलं कसं व्हायचं रं?"

मी तिसरीतनं शाळा सोडलेला. पण पाळक नव्हते तेव्हा वीस वर्षं मीच उपदेश केला, कधी अडलो नाही. माझा हुकमी विषय बायबलातला सरदार इफ्ताह. लढाई जिंकली तर घरातनं जे पहिलं सामोरं येईल ते देवाला वाहीन, असं बोलून बसला. एकुलती लेक नाचत बाहेर आली. तिचा बळी दिला, पण शब्द मोडला नाही. "देव खूश झाला!" म्हणून मी टेबलावर मूठ आपटायचो.

मीही पाटणच्या मित्राला शब्द दिलेला, माझी नात रूथ तुझ्या नातवाला. आईबाप गेल्यावर तिला मीच वाढवली. सांगलीत विश्रामबागला नर्सिंग शिकत होती. लग्न महिन्यावर आलं आणि म्हणाली, "आबा, मला न्हाई करायचं."

"शब्द गेलाय," मी म्हणालो. तेव्हापासून ती बोलेना. घरात बसवेना, पाटणला तोंड दाखवायची सोय नाही.

शेवटी पाळकसाहेबांना म्हटलं, "रविवारी इफ्ताह घ्या. पोरगी पुढच्या बाकावर बसवतो."

"घेतो. पण आबा, आधी अभ्यास करीन. त्यातनं निघेल तेच बोलीन. चालेल?"

"शास्त्रात हाय ते हाय. मी काय भितो व्हय?"

रविवारी ते म्हणाले, "मूळ भाषेत पुन्हा पुन्हा शोधलं. देवानं ही मुलगी मागितल्याचं कुठं नाही. देव खूश झाला, हेही नाही. मुलीनं रडायला दोन महिने मागितले, बापानं दिले. दोन महिने होते त्याच्यापाशी. तेवढ्यात तो..." थांबले. "इथून पुढं मला ठाऊक नाही."

बाकावर मी भिंतीकडं, रूथ कडेला. उठून जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागलं असतं.

बाहेर त्यांना गाठलं. "भर मंडळीत मला बांधलंत, साहेब."

"बांधलेले तुम्ही आधीच होता, आबा. मी गाठ कुठं आहे ते बघितलं."

गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेब वारले. ते बरोबर होते, असं मी त्यांच्यापुढं कधी म्हटलं नाही. पण त्या उपदेशाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी पहिली एस.टी. धरून पाटण गाठलं होतं. दारातच मित्राला सांगितलं, "पोरगी न्हाई म्हणती."

"आणि गड्या, तुझा शब्द?"

"इथून पुढं मला ठाऊक न्हाई," म्हणालो, आणि त्याच्या पायरीवर बसलो.