डबा रिकामा परत करायचा नाही: हवाईच्या बोटीवरचे पंधरा दिवस

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी हवाईची क्रूझ बुक केली आणि सासूबाईंबरोबर जाऊन आले. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं. पुढे फारशी संधी नाही.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, इंटेन्सिव्ह केअरचा डॉक्टर. फेब्रुवारीत विषाणू अजून लांबच्या देशातला होता, इथे लंडनच्या कडेला, पिनरमध्ये आम्ही हात धुण्यावरचे विनोद एकमेकांना फॉरवर्ड करत होतो. तेवढ्यात त्याच्या हॉस्पिटलनं रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, बदलला आणि रजा गेली. तिकिटावरचं नाव मात्र बदलून मिळत होतं. शिरीष म्हणाला, "आईला घेऊन जा ना, तिला कुठे कोण नेतं?" आईंना आम्ही तीन खंड दाखवले आहेत. पण मुलानं आईबद्दल असं काही म्हटलं की पुरावा मागायचा नसतो.

आईंचं वय तेव्हा सत्त्याहत्तर. कोल्हापूरहून इथे आल्या त्या डॉक्टर म्हणून, आणि बत्तीस वर्षं त्यांनी इथल्या पोरांच्या छात्या तपासल्या. त्यांच्या स्वतःच्या छातीत दर हिवाळ्यात कोरडा खोकला मुक्कामाला येतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. बॅगेत त्यांनी ज्येष्ठमध, खडीसाखर, सुंठ आणि बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा भरला. घरचं खाणं बोटीवर न्यायला बंदी आहे असं मी वाचून दाखवलं. त्यांच्या मते लाडू हे खाणं नसून पथ्य होतं. डब्याच्या झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं आणि बुडाला आमच्या पत्त्याचं लेबल. मंडळाच्या कार्यक्रमांत डबे हरवायला लागल्यापासून आमच्या घरातलं प्रत्येक भांडं पासपोर्ट घेऊनच बाहेर पडतं.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: हीथ्रोहून सॅन फ्रान्सिस्को अकरा तास. बोट तिथून सुटते. आदल्या दिवशी पोचा आणि रात्र शहरात काढा, कारण विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. अमेरिकेत शिरायचा परवाना, ॲडॉप्टर आणि पातळ रेनकोट विसरू नका.

धक्क्यावर रांगेत सगळ्यांना एक फॉर्म दिला. गेल्या चौदा दिवसांत ताप, खोकला, धाप? "होय" लिहिणाऱ्यांना बाजूच्या पांढऱ्या तंबूत नेत होते. तिथून एक जोडपं सामानासकट परत टॅक्सीकडे जाताना मी पाहिलं. बाई रडत होती. आई खुर्चीवर बसून गालात ज्येष्ठमध धरून होत्या.

"आई, खोकल्याचं काय लिहू?"

"नेहमीचा आहे तो. त्याचं काय लिहायचं?"

मला ज्वालामुखी बघायचा होता. पेनावर अननसाचं चित्र होतं. त्या पेनानं मी दोघींच्या फॉर्मवर "नाही"पुढे खूण केली.

मग चार दिवस नुसतं पाणी. चार दिवस समुद्र बघणं फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी माणूस पत्ते खेळतो आणि तिसऱ्या दिवशी उकुलेले, म्हणजे हवाईची छोटी गिटार, शिकण्याच्या वर्गाला बसतो. मीही बसले. आमच्या कॅबिनमध्ये टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून ठेवलेले होते. आईंनी त्यांची घडी मोडून वापरायला घेतले. बुफेतल्या "इंडियन" कोपऱ्यात एक पिवळी करी असे. तिच्यावर एवढंच म्हणते की ती पिवळी होती. त्यावेळी अजून सगळे एकच चमचा हाताळत होते आणि दारात एक हसरा मुलगा हातावर सॅनिटायझर ओतत होता. त्याला आम्ही सगळे खबरदारी म्हणत होतो.

शेजारच्या बाल्कनीत रॉन होता. डर्बीचा, एक्क्याऐंशी वर्षांचा, आयुष्यभर बस चालवलेला. ही ट्रिप त्याच्या बायकोनं, मॉरीननं, ठरवली होती आणि ती आदल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या जागी कुणाला आणावं असं त्याला वाटलं नाही. दोन बाल्कन्यांमध्ये पत्र्याची आडभिंत होती, पण कठड्यापाशी हातभर फट होती. त्या फटीतून पहिल्याच दिवशी त्याचं लांब नाक आलं आणि म्हणालं, "सकाळ छान आहे, डक."

डर्बीकडे सगळ्यांनाच प्रेमानं बदक म्हणतात हे आईंना माहीत नव्हतं. त्यांनी अर्धा दिवस राग धरला. मग कळलं की रॉनचा कंडक्टर अठरा वर्षं जालंधरचा एक सरदारजी होता आणि दिवाळीला डबा आणायचा. आईंनी लगेच फटीतून डब्यासकट चार लाडू पलीकडे दिले. दुसऱ्या दिवशी रॉननं डबा धुऊन परत केला. रिकामा.

"मिस्टर रॉन," आई म्हणाल्या, "आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात."

रॉन ओशाळला. संध्याकाळी डबा पुन्हा मागून घेतला आणि बुफेतली तीन केळी घेऊन आला. डब्यात न मावणारी केळी त्यानं डब्यावर ठेवली होती. मग रोज हा व्यवहार सुरू झाला. लाडू इकडून, बिस्किटं तिकडून.

पहिलं बंदर हिलो. धक्क्यापासून ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान बसनं पाऊण तास. बोटीच्या टूरपेक्षा धक्क्याबाहेर उभ्या असलेल्या छोट्या बस बऱ्याच स्वस्त पडतात, फक्त परतीची वेळ ड्रायव्हरकडून दोनदा वदवून घ्या. लाल लाव्हा बघायला जाणार असाल तर आधी चौकशी करा, आम्ही गेलो तेव्हा नव्हता. होती ती वाफ. काळ्या जमिनीच्या भेगांमधून गरम, ओली वाफ निघत होती आणि कठड्याशी उभे राहून लोक फोटो काढत होते. आईंनी शाल डोक्यावरून घेतली, भेगेवर वाकल्या आणि डोळे मिटून वाफारा घ्यायला लागल्या. एका जपानी कुटुंबानं आदरानं जागा करून दिली. त्यांना ती बहुधा पूजा वाटली.

"बरं वाटतंय," शालीच्या आतून आवाज आला. "फुकट आहे, तूही घे."

या ट्रिपमधलं मी शेवटचं मोकळं हसले ते तिथे.

होनोलुलुला युद्धात बुडालेल्या जहाजाचं स्मारक पाहिलं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सकाळची वेळ घ्या. ऐंशी वर्षं होत आली तरी त्या जहाजातून तेलाचा एकेक थेंब अजून वर येतो आणि पाण्यावर रंगीत होऊन पसरतो. रॉन आमच्या शेजारीच उभा होता, बराच वेळ टोपी हातात धरून. कौआईला रस्तोरस्ती रानटी कोंबडे फिरत होते आणि तांबडी, खोल दरी ढगातून जेमतेम दिसली. रॉननं तिथून पेपरमिंटच्या गोळ्यांची पिशवी घेतली. तशाच गोळ्या डर्बीत मिळतात म्हणून त्याला आनंद झाला होता.

परतीच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी कॅप्टनचा आवाज आला. आधीच्या सफरीतल्या काही प्रवाशांना तो आजार झाल्याचं कळलं होतं. सगळ्यांनी आपापल्या कॅबिनमध्ये जावं, पुढची सूचना येईपर्यंत. बुफेतल्या एका माणसानं ताटात आणखी दोन वड्या भरून घेतल्या आणि सगळे उठले.

जेवण दाराबाहेर येऊ लागलं. दिवसातून दोनदा कुणीतरी टकटक करून विचारत असे, इथे सगळे ठीक आहेत ना? आईंचा खोकला आता वाढला होता. बोटीवरचा एसी, समुद्राचा वारा, नेहमीचं, असं आम्ही म्हणत होतो. टकटक झाली की मी टीव्हीचा आवाज वाढवायची. ज्वालामुखीवरचा एकच माहितीपट दिवसभर चालू असे, त्यातला माणूस लाव्ह्याबद्दल ओरडायचा आणि मी दाराआडून गोड आवाजात "सगळं ठीक" म्हणायची. "होय" म्हटलं की काय होईल हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. आईंना एकटीला उचलून कुठल्यातरी परक्या हॉस्पिटलात नेतील आणि मला काचेतूनही बघू देणार नाहीत. शिरीष फोनवर विचारायचा, आई कशी आहे? मी त्यालाही टीव्ही ऐकवला.

डबा मात्र फटीतून जात-येत राहिला. दाराखालून सरकवलेल्या पत्रकात तर लिहिलं होतं की शेजारच्या कॅबिनशी कसलीही देवाणघेवाण करू नये. आई म्हणाल्या, तो एकटा आहे. मला ते पटलं. आज विचार केला की वाटतं, तेव्हा मला काहीही पटलं असतं.

कॅबिनमध्ये कोंडल्याच्या तिसऱ्या दिवशी रॉन म्हणाला, डबा आज माझ्याकडे राहू दे, भरायला चांगलं काही सापडलं नाही. चौथ्या सकाळी मी फटीतून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, आणि तो श्वास होता.

मी टीव्ही बंद केला. बोटीवरच्या दवाखान्याचा नंबर लावला आणि शेजारच्या खोलीबद्दल सांगितलं. फोनवरच्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तुमच्या खोलीत कुणाला त्रास? आई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो. माझ्या सासूबाईंना खोकला आहे. पहिल्या दिवसापासून."

ते पांढऱ्या झग्यांत आले. रॉनला चाकाच्या खुर्चीवर बाहेर काढलं, तेव्हा मी दार बोटभर उघडून उभी होते. तोंडावर मास्क, चेहरा राखेच्या रंगाचा. त्यानं हात वर केला म्हणून खुर्ची ढकलणारा थांबला.

"आधीच फोन करणार होतो, डक," तो म्हणाला. "पण ते आमच्या टोकाला आले असते तर भिंतीपलीकडचा खोकलाही ऐकला असता. तिला नेलं असतं."

खुर्ची लिफ्टकडे गेली. मी दार लावलं. आईंनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, थँक यू म्हणाला.

आईंची टेस्ट निगेटिव्ह आली. माझीही. खोकला खरंच नेहमीचा होता. पहिल्या दिवशी "होय" लिहिलं असतं तर पांढऱ्या तंबूत कुणीतरी छाती ऐकून फार तर आम्हाला टॅक्सीत बसवलं असतं. ज्वालामुखी राहिला असता. आणि रॉनच्या शेजारी खोकला लपवणारं कुणी नसतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ब्रिटिश प्रवाशांना खास विमानानं आणलं, आम्ही चौदा दिवस पिनरच्या घरात बसलो आणि आम्ही बाहेर पडायच्या आत सगळा देश घरात बसला. शिरीष त्या वसंतात घरी येत असे तो गॅरेजमध्ये कपडे बदलून, आणि कुणाशी बोलत नसे. रॉनचं काय झालं याची मी चौकशी केली नाही. आडनाव माहीत नाही, असं स्वतःला सांगितलं. त्याच्या सामानाच्या लेबलावरचं आडनाव मी पंधरा दिवस वाचलं होतं.

दीड वर्षानं पार्सल आलं. स्टीलचा डबा, बुडाला आमचा पत्ता. सोबत डर्बीहून रॉनच्या मुलीचं, ज्युलीचं पत्र. बाबा सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉस्पिटलात अकराव्या दिवशी गेले, तिला जाता आलं नाही, आणि त्यांची बॅग उघडायला तिला इतके दिवस लागले. झाकणावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण तुमचाच असावा. आत जे आहे ते तसंच ठेवलं आहे.

आत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, काठोकाठ. वर बोटीचा कागदी रुमाल, त्यावर थरथरत्या अक्षरात: रिकामा नाही.

आईंनी डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, दोन दिवस आधी दाखल झाला असता तर कदाचित. डॉक्टर बोलतात तसं, हिशेब केल्यासारखं. मग मी त्यांना सांगितलं तो खुर्चीवरून काय म्हणाला ते. दीड वर्ष शिळं झालेलं वाक्य, शब्द न बदलता.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"शुभा, माझा पलंग बाल्कनीच्या बाजूला होता," त्या म्हणाल्या. "तुझा टीव्ही चालू असायचा, तुला ऐकू यायचं नाही. मला यायचं. दोन दिवस ऐकत होते मी त्याची छाती. बत्तीस वर्षं तेच ऐकलंय. मला कळलं होतं."

त्यांनी कागदी रुमालाची घडी केली.

"मला नेतील म्हणून मी पण गप्प बसले," त्या म्हणाल्या.

हवाईला जावं का, असं मला लोक विचारतात. जा. कौआईची दरी सकाळी लवकर बघा, ढग यायच्या आत. बाल्कनीची खोली घ्या, परवडत असेल तर. आणि फॉर्मवर खरं लिहा. एवढी एकच टिप मी अनुभवावरून देऊ शकते, बाकीच्या इंटरनेटवर मिळतात.

आईंनी डबा घासला आणि बेसन भाजायला घेतलं. मी म्हटलं, उद्या पोस्टात टाकते. त्या म्हणाल्या, पोस्टानं नको. जे सांगायचं ते समोर बसून सांगू. ज्युली दार लावून घेईल, तर घेऊ दे.

पिनरहून डर्बी साधारण अडीच तास, एम-वन हायवेवर कामं चालू असतील तर तीन. शनिवारी सकाळी निघालो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर डबा, दोन्ही हात झाकणावर. वॉटफर्ड ओलांडलं तसा त्यांना खोकला आला. रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या चालू होत्या. मी हात पुढे केला आणि तो बंद केला.