लाल नळ्यांचा गोडवा

लाउडस्पीकरची ट्रान्झिस्टरवाली मशीनं खेड्यांत नुकती पोचू लागली होती, तेव्हाची गोष्ट. जामखेडकडच्या एका लग्नात नवरीच्या मामांनी स्पीकरवाल्याला बजावलं होतं, "जुनं वॉल्व्हचंच मशीन लाव. नवं डबडं आनलंस तर तसाच मागं फिर."

स्पीकरवाला उंच, किडकिडीत. प्रत्येक तबकडीवर तो आधी फुंकर मारायचा, मग मशीनच्या वॉल्व्हच्या लालसर पेटलेल्या काचेच्या नळ्या मंडपाला नीट दिसतात ना, ते बघायचा.

मला गाण्यातलं कळतं, असा माझा समज. मी मामांना ऐकवलं, "वॉल्व्हचा आवाज बघा कसा गोड, भरलेला! ट्रान्झिस्टरचा म्हणजे नुसता पत्रा." मामा खूश होऊन पंगतीकडे गेले. मी कौतुकानं मशीनमागे वाकलो, तर कर्ण्याची वायर त्या मशीनला नव्हतीच! ती पोत्याखाली झाकलेल्या एका लहान डब्यात गेली होती.

स्पीकरवाल्याचा चेहरा उतरला. "पाव्हणं, बोलू नका. कालच्या वरातीत जुन्याचा आवाज बसला, नळ्या तेवढ्या पेटत्यात. मामा हाकलून देत्याल मला."

"मग हा गोडवा कुठला?"

"आवाज नव्यातनं येतोय. गोडवा तुमी जुन्यातनं काढताय."

मला काही पटेना. "जुनं बंद करून दाखवा," मी म्हणालो.

त्यानं खटका पाडला. नळ्या विझल्या, आणि देवाशपथ सांगतो, तेच गाणं मला पत्र्यासारखं ऐकू येऊ लागलं.

तेवढ्यात पंगतीकडून मामा येताना दिसले.

"पेटवा, पेटवा परत!" मीच घाईनं म्हणालो.