तिसऱ्या दरपत्रकाची वाट

दूध संस्थेची सचिव झाल्यापासून मी तीन दरपत्रकांशिवाय काही विकत घेतलेलं नाही. एकदा दोनच दरपत्रकांवर फॅट तपासायचं मशीन आणलं होतं. लेखापरीक्षकांनी ते अहवालात लिहिलं आणि पुढे कितीतरी दिवस मी खुलासे देत बसले. तेव्हापासून नियम पक्का झाला. तीन बंद पाकिटं, एकाच दिवशी उघडायची, कमी दराचं घ्यायचं. मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गळ्याच्या शिरेचं ऑपरेशन निघालं तेव्हाही मी हेच केलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. धारूरच्या बाजूच्या आमच्या गावात विहिरी उन्हाळ्याआधीच कोरड्या पडल्या होत्या. आमच्या गायी चारा छावणीत होत्या आणि मालकही त्यांच्यासोबत तिथेच राहत होते. एका सकाळी पेंढी मागता मागता त्यांची जीभ जड झाली, तोंड एका बाजूला गेलं. पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. ऊन लागलं, असं ठरवून छावणीतल्या लोकांनी त्यांच्या तळपायाला कांद्याचा रस चोळला. मी पोचल्यावर सगळ्यांना विचारून वेळ लिहून घेतली आणि मालकांना बीडला नेलं.

सोनोग्राफीत कळलं, की मेंदूकडे रक्त नेणारी गळ्यातली डावी शीर आतून चरबी आणि चुन्याने बरीच बुजली आहे. त्यातला एखादा कण सुटून वर गेला, की झटका. छावणीत झाला तो इशारा होता. लगेच गोळ्या सुरू झाल्या, सीटी स्कॅनही झाला. शीर उघडून साफ करावी लागेल, लवकर करा, असं डॉक्टर म्हणाले. मालकांना ते पटकन समजलं. आमच्या ठिबकच्या नळ्या क्षाराने अशाच बुजायच्या.

"मग ॲसिड सोडा की," ते डॉक्टरांना म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी एकच अट घातली. गायी विकायच्या नाहीत. त्या वर्षी बाजारात गायीला निम्मासुद्धा भाव मिळत नव्हता, आणि एकदा गेलेली गाय परत घेणं आम्हाला झेपलं नसतं. पतसंस्थेत आमची एक ठेव होती. खासगी दवाखान्याने सांगितलेला आकडा तिच्या दुपटीहून जास्त होता.

मग मी तो आकडा फोडून मागितला. सर्जनची फी, भुलीची फी, अतिदक्षतेतले दिवस, खोली, शिरेला लावायचा तुकडा, औषधं, तपासण्या, सगळं वेगवेगळं. त्यातून बरंच कळलं. खोली वरच्या वर्गाची घेतली, की ऑपरेशनची फीसुद्धा वर जाते. स्कॅनच्या फिल्म नीट सांभाळल्या तर बहुतेक तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. जाळी बसवायचा दुसरा मार्ग आमच्या बाबतीत महाग पडत होता, आणि डॉक्टरांच्या मते त्याची गरजही नव्हती. हे खासगीचं पाकीट झालं. दुसरं मोठ्या सरकारी दवाखान्याचं होतं. रेशन कार्डावर सरकारी योजनेतून तिथे ऑपरेशन होणार होतं. तिसरं एका धर्मादाय दवाखान्याकडून यायचं होतं. आमच्या संस्थेच्या एका संचालकांची तिथे ओळख होती आणि त्यांनी सवलतीचा शब्द दिला होता.

ते पाकीट येईना. मालक परत छावणीत गेले. मी रोज सकाळचं दूध मोजून झालं, की संचालकांना फोन करायची. ते रोज उद्या म्हणायचे.

नवव्या दिवशी मालकांच्या डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला आणि थोड्या वेळाने गेला. त्यांनी मला हे तासाभराने, मी छावणीत गेल्यावर चहा पिताना सांगितलं. मी सरकारी दवाखान्यातल्या सर्जनना फोन लावला. पहिला झटका कधी आला, त्यांनी विचारलं. मी तारीख आणि वेळ सांगितली.

"मग थांबलात कशासाठी, ताई?"

"तिसरं दरपत्रक यायचंय."

ते शांतपणे म्हणाले, "पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. आज भरती करा. पैशांचं इथे बसून बघू."

वहीतल्या माझ्या यादीत बारा प्रश्न होते. किती दिवसांत, हा त्यात नव्हता. डॉक्टरांचा 'लवकर' हा शब्द मी व्यवस्थित उतरवून घेतला होता आणि त्याच्यापुढे तारीख लिहिली नव्हती.

पुतण्याला गायींपाशी ठेवून आम्ही निघालो. मांजरसुंब्याला दुसऱ्या जीपमध्ये बसताना मालक म्हणाले, "सेक्रेटरीबाई, दोनच पाकिटं हायती. लेखापरीक्षकाला काय सांगनार?"

एरवी मी त्यांना गप्प केलं असतं. त्या दिवशी मी म्हणाले, "तुम्ही बोलत राहा."

"कावून?"

"जीभ जड झाली तर मला कळलं पाहिजे."

ते बोलत राहिले. कोणती गाय आटली, छावणीत कोण पेंढ्या लपवतं, टँकरवाल्याचं लग्न कसं मोडलं. एवढं सलग ते आमच्या लग्नानंतर कधी बोलले नव्हते. जीपमध्ये सगळ्यांसमोर मी त्यांचा हात धरून बसले होते.

कागद, फिल्म, कार्ड सगळं जागेवर होतं, त्यामुळे योजनेची मंजुरी दीड दिवसात आली. तपासणी एकच पुन्हा झाली. आम्ही साधा वॉर्ड घेतला. जीपचं भाडं, जेवण आणि बाहेरून आणलेली दोन औषधं एवढाच खर्च आमच्यावर पडला. ठेवीतला थोडा भाग गेला, गायी छावणीतच राहिल्या. ऑपरेशन चालू असताना बाकावर बसून मी हा हिशेब लिहिला. आकडे बरोबर होते. पण घालवलेले नऊ दिवस कोणत्या रकान्यात टाकायचे ते ठरेना, म्हणून वही मिटली.

संध्याकाळी त्यांना बाहेर आणलं. गळ्याला पट्टी होती, आवाज घोगरा होता. मला बघून ते काहीतरी म्हणाले, बहुधा चाऱ्याबद्दल. काय म्हणाले ते आज मला सांगता येणार नाही. शब्द स्पष्ट येतात की नाही, एवढंच मी ऐकत होते. येत होते.