रेंजवाल्या अप्पांचा ओटा

मागच्या गुरुवारी राणीसावरगावच्या पुढच्या एका लहान गावात काम निघालं. तक्रार अशी की फोनवर दांड्या फुल्ल दिसतात, पण लावायला गेलं की लागतच नाही. नवा टॉवर असून ही गत...

हवेत असा गोंधळ कोण घालतंय, हे शोधणं माझं काम. त्यासाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर नावाचं मशीन असतं. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते स्क्रीनवर काढून दाखवतं. आमचं जुनं मशीन म्हणजे शिलाई मशीनएवढं धूड, जीपच्या बॅटरीला जोडल्याशिवाय डोळे उघडायचं नाही. नवीन आलंय ते गळ्यात अडकवून गावभर फिरता येतं, चार्जिंग दुपारभर टिकतं आणि आपल्या परभणीच्या उन्हातसुद्धा स्क्रीन वाचता येते! मी त्याचे इतके लाड करते की घरचे मला चिडवतात.

तर गावात उतरले आणि माझाच फोन लागेना. कौसाबाई भेटल्या. त्यांची लेक पुण्याला, दिवस भरत आलेले, त्यामुळे बिचाऱ्यांचा जीव टांगणीला. त्या म्हणाल्या, फोन करायचाय ना, मग अप्पांच्या ओट्यावर चला. गावात तेवढी एकच जागा आहे म्हणे.

अप्पांचं छोटं किराणा दुकान. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला, माणूस एकटाच. पण ओटा बघाल तर गच्च भरलेला... कुणी जावयाशी बोलतोय, कुणी अडत्याला भाव विचारतोय. अप्पा सगळ्यांचं ऐकतात आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवतात. येणारा जाताना चार भेंड्या, मूठभर कढीपत्ता असं काहीतरी ठेवून जातो. मला बघून अप्पांनी हात जोडून "शरणार्थ" केलं आणि चहा मागवला.

सावली, चहा, वर फोनही लागतोय... मी तिथंच ठाण मांडलं. मशीन चालू केलं, अँटेना गिरणीकडं धरली. स्क्रीनवर गोंधळच गोंधळ. शाळेकडं धरली, तेवढाच. शेताकडं धरली, तरी तेवढाच! एखादी दिशा तरी जास्त दाखव की बाबा. बंद करून पुन्हा चालू केलं, केबल बदलली. म्हटलं, झालं, नव्याचे नऊ दिवस संपले. एक आजोबा मायेनं विचारत होते, बीपी बघायचं मशीन आहे का... मला वाटलं आता माझंच बघावं.

वैतागून जीपकडं निघाले. मशीन गळ्यात तसंच चालू. त्यात एक रंगीत पट्ट्यांचं चित्र असतं, लाल म्हणजे जोर आणि निळं म्हणजे शांत. सहज खाली बघितलं तर लालचं पिवळं झालेलं. आणखी पुढं गेले तर निळं. मागं फिरले, ओट्याशी आले, पुन्हा लालभडक.

अरे देवा! डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि आवाज कुठून येतोय म्हणून गावभर शोधायचं, तसलं चाललं होतं माझं. मशीन गुणाचं होतं हो, पहिल्यापासून खरं सांगत होतं.

वर पत्र्यावर एक अँटेना, आणि आत साबणाच्या खोक्यांमागं हिरव्या लाईटचा एक डबा. बूस्टर! मुलानं ऑनलाइन मागवून बसवून दिलेला. ओट्यावरच्या फोनचं बोलणं तो मोठं करून टॉवरकडं पाठवायचा, पण हलका माल असल्यामुळं स्वतःच एकसारखा कोकलायचा, मांडवातला माईक कोकलतो तसा. त्या कालव्यात बाकी गावाचं टॉवरला ऐकूच जाईना.

अप्पांना बाजूला घेऊन समजावून सांगितलं. असा डबा परवानगीशिवाय लावत नसतात, हेही सांगितलं. ते बराच वेळ साबणाची खोकी सरळ करत बसले.

मग म्हणाले, "तरीच... लाईट गेली की सगळे उठून जायाचे बघा. मला वाटायचं, पंखा बंद पडला म्हणून जायलेत. इन्व्हर्टर घ्यायलो होतो मी."

अख्ख्या गावाच्या फोनचा प्रश्न सुटणार होता, आणि या माणसाचा भरलेला ओटा जाणार होता. माझा हात डब्याच्या पिनेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला, खोटं कशाला सांगू.

अप्पांनीच पीन ओढली. "कौसाच्या पोरीचे दिवस भरत आलेत तिकडं. रातीबेराती फोन आला तर घरी लागायला पायजे तिला. बाकी माझं काय..."

हिरवा लाईट विझला. स्क्रीनवरचा गोंधळ बसला आणि रेषा खाली आली. मी बाहेर येऊन सांगितलं, घरी जाऊन फोन लावून बघा. काही मिनिटांत ओटा रिकामा. नुसता पंखा फिरत होता. मी मान खाली घालून केबल गुंडाळत बसले.

आणि अप्पांच्या खिशात फोन वाजला... त्यांनी आधी माझ्याकडंच बघितलं. त्या ओट्यावरून अख्खं गाव बोलायचं, पण अप्पांना फोन कोण करणार? तिकडून कौसाबाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मलाही ऐकू आलं.

"अप्पा, घरून लागला बघा! लेकीशी बोलले, बरी हाय. पिठलं टाकायलेय, जेवायला या. रोज आमीच यायचं का तुमच्याकडं?"

अप्पांनी टोपी झटकली, चपला शोधल्या. जाताना म्हणाले, "माय, दुकानाकडं जरा ध्यान ठेव."

मी गल्ल्यावर बसले, मांडीवर मशीन घेऊन. एक बिस्किटचा पुडा विकला, तोसुद्धा भाव गिऱ्हाइकालाच विचारून. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला. अप्पा लवकर येईनात... आणि मला मनापासून वाटत होतं, येऊच नयेत.