अर्जदार बाईंचा स्वतःचा अर्ज

कोर्टाच्या फाटकाला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे तीन टायपिस्ट बसतात, त्यांतलं मधलं टेबल बाईंचं. सत्तावीस वर्षं झाली. समोरचा माणूस रडत आला तरी बाई आधी विचारणार, "किती प्रती?" आणि मग खुर्ची पुढे सरकवून पाणी देणार. जिभेला गोडवा म्हणून नाही. पण त्यांनी टाइप केलेल्या कागदात चूक काढायची वकिलांचीही छाती होत नसे.

अशा या बाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी ठरवलं, की आपण संध्याकाळच्या वर्गाला लॉ कॉलेजात जायचं. नवरा म्हणाला, "आता? या वयात?" बाई म्हणाल्या, "मग काय, पुढच्या जन्मी?" पदवी त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन कधीच मिळवली होती, पण प्रवेश परीक्षेत मार्क पडले जेमतेम. जागा मोजक्याच. आता सगळी भिस्त एका पानावर होती: 'तुम्हाला कायदा का शिकायचा आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.'

बाई हसल्याच. अहो, अर्ज लिहिणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ! अर्ध्या तासात पान हातावेगळं करून त्यांनी सुनेपुढे टाकलं. सून शाळेत भाषा शिकवायची आणि कॉलेजचा फॉर्मही तीच भरत होती. तिने वाचायला घेतलं: 'अर्जदार ही सदर शहराची कायम रहिवासी असून तिला कायद्याची आवड आहे. सबब अर्जदारास प्रवेश देण्यात यावा, ही नम्र विनंती.'

"आई, ही अर्जदार कोण?"

"मीच की."

"मग यात 'मी' कुठे आहे?"

बाईंनी चष्मा लावून पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हता. सत्तावीस वर्षं जगाची दुःखं 'अर्जदारा'च्या नावावर घालता घालता 'मी' लिहायची सवयच मोडली होती. तीन दिवस बाई टाइपरायटरपुढे बसून राहिल्या. 'मी' उमटायचा आणि पुढे बोटं अडून बसायची. मोठ्या आल्या नावाजलेल्या टायपिस्ट!

चौथ्या दिवशी भांडी विसळताना सून म्हणाली, "लिहू नका. मला नुसतं सांगा. कशाला हवाय तुम्हाला कायदा?"

बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक विधवा दिराबरोबर टेबलाशी आली होती. घरावरचा हक्क सोडल्याचा कागद करायचा होता. असल्या कागदाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला.' बाईंनी ती सवयीने टाइप केली. वाचून मात्र कुणीच दाखवलं नाही. ती विचारत होती, "यात माझी खोली राहते ना?" दीर म्हणाला, "राहते, राहते." तिने अंगठा दिला.

"राहत नाही, हे मला ठाऊक होतं गं," बाई म्हणाल्या. "आणि मी पुढचा कागद यंत्रात घातला."

सुनेने नळ बंद केला. सासूबाईंचा ओला हात तिने हातात घेतला. एवढी माया तिला त्यांच्याबद्दल कधी वाटली नव्हती. मग म्हणाली, "हेच लिहायला हवं. पण आई, हे वाचून ते कदाचित घेणार नाहीत तुम्हाला."

"नाही घेतलं तर नाही घेतलं. एकदा खोटी ओळ लिहिली, तेवढी पुरे झाली."

आणि बाईंनी लिहिलं. सुरुवातच अशी होती: 'मी एका बाईला फसताना पाहिलं आणि गप्प बसले.' सुनेने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, बाकी कशाला हात लावला नाही.

पुढचे तीन आठवडे बाई गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होत्या. जेवताना नवऱ्याने "काही कळलं का?" म्हटलं, की ताटावरून उठायच्या.

पाकीट आलं ते सुनेने फोडलं. प्रवेश मिळाला होता. छापील मजकुराखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'आपलं पान आम्ही सर्वांनी वाचलं. जरूर या.' एरवी फटकळ असलेल्या बाई लहान पोरीसारख्या रडल्या.

"अगं, हजारो अर्ज केले मी," त्या सुनेला म्हणाल्या. "उत्तर पहिल्यांदाच मला आलं."