शोभेचा बैल

तान्ह्या पोळ्याला आमच्या अमरावतीत लेकरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवतात. माझी मुलगी दोन वर्षांची. तिच्यासाठी साधा लाकडी बैल आणा, म्हणून सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, बजावून सांगितलं होतं. त्यांनी आणला डोळ्यांत लाइट लागणारा, गाणं म्हणणारा प्लास्टिकचा बैल. खोक्यावर ठसठशीत छापलेलं: शोभेची वस्तू, लहान मुलांसाठी नाही.

"दुकानदारही हेच सांगून राहिला होता," मामाजी म्हणाले. "म्हणे लेकराच्या खेळण्यावर आयएसआयचा छाप लागते, हा शोकेसचा हाये. म्या म्हटलं, चाकं हायेत, दोरी बांधली का झालं खेळणं."

कपाळ माझं! बैलाला दोरी लागली आणि सकाळभर त्याच्या गाण्यानं माझं डोकं उठवलं.

दुपारी कणीक मळताना गाणं थांबलं, तेव्हा बरंच वाटलं. मग बाहेर येऊन बघते तर बैल उताणा, पोटाखालचं झाकण निघालेलं, आतला बटणाएवढा सेल गायब. पोरगी शेजारीच बसून खोकत होती. तिच्या तोंडात बोट घातलं तर पोळीचा तुकडा निघाला, सेल नाही. पलंगाखाली नाही, चटईखाली नाही. नवरा अकोल्याला ड्युटीवर. झोपलेल्या मामाजींना हलवलं, "पोरीनं काहीतरी गिळलं, चला," एवढंच म्हटलं आणि ऑटो पकडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई आम्हा मायलेकींना आत घेऊन गेल्या. मामाजी पोरीच्या चपला हातात धरून बाहेर राहिले. "असा सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत ती आतून भाजते," बाई म्हणाल्या. "मुलांच्या खेळण्याचं झाकण स्क्रूनं आवळलेलं असतं. शोभेच्या वस्तूला ते बंधन नाही, नखानंही उघडतं." एक्स-रे येईपर्यंत मला काही सुचत नव्हतं, फक्त मामाजींना काय काय सुनावायचं ते मनात जमत होतं.

एक्स-रे स्वच्छ आला. गळ्यात नाही, पोटात नाही. मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

पोरीला कडेवर घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "सेल पोटात नाही, मामाजी."

"सेल?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तो चकचकीत सेल काढून पुढं धरला. "गाण्यानं झोप लागत नोती, म्हणून म्याच काढला. सहज निघालं झाकण."

मला हसू येत होतं, संतापही येत होता. आज नख आजोबांचं होतं म्हणून निभावलं, पोरीचं असतं तर? मामाजींना ते माझ्याआधीच कळलं असावं, कारण त्यांनी सेल घाईघाईनं माझ्या मुठीत कोंबला.

"शिव्या दे माय, पण मंग दे," ते म्हणाले. "आधी पोरीले दे माह्याजवळ."

मी दिली. शिव्या राहूनच गेल्या.