आमच्या घरातली लाइन

आमच्या घरातून एक शब्द काढून घेतला तर आम्ही सगळे मुके होऊ. लाइन! सकाळी उठावं तर नळाची लाइन फुटलेली. फोन करावा तर लाइन लागत नाही. दुकानात जावं तर ही भली मोठी लाइन. धाकट्याची वही उघडावी तर अक्षरं लाइन सोडून वरच्या मजल्यावर राहायला गेलेली. त्यात नवरा लाइनमन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! गल्लीतली वीज गेली की लोक ऑफिसला फोन करत नाहीत, आमचं दार वाजवतात. "वहिनी, लाइन कधी येणार?" जशी काही मी ती डब्यात झाकून ठेवलीय.

आमचं लग्नसुद्धा या लाइनीनेच जमवलं. माझ्या माहेरासमोर विजेचा खांब होता. हे तेव्हा नोकरीला नवे नवे लागलेले, अंगाने काडीसारखे. त्या खांबात असा काय बिघाड होता देव जाणे, पण तो दर आठवड्याला निघायचा. माझे वडील तापट. एक दिवस अंगणात येऊन गरजले, "अरे ए, लाइन दुरुस्त करतोयस की माझ्या पोरीला लाइन मारतोयस?" त्यावर आपण वरून बाणेदार उत्तर दिलं, असं हे आजवर सगळ्यांना सांगतात. साफ खोटं! ह्यांच्या हातातली पक्कड निसटून आमची कुंडी फुटली, एवढंच झालं. पुढच्या महिन्यात नवी कुंडी घेऊन आले आणि लग्नाचं विचारून गेले.

माणूस तसा लाखात एक. जिभेने फटकळ, पण कामात हयगय नाही. गँगचे मुकादम झाले तरी खांबावर स्वतःच चढायचे. "खालून हुकूम सोडणारा मुकादम मला जमत नाही," म्हणायचे. मी म्हणायची, "घरात बरं जमतं!"

आमची थोरली, तिला आम्ही ठकू म्हणतो, ती बापाच्या वळणावर गेलेली. वीजतंत्रीचा कोर्स केला, परीक्षा दिली, आणि एक दिवस दारातूनच ओरडत आली, "आई, झाली माझी निवड! मी पण लाइनीत!"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "जगात दुसऱ्या लाइनी मेल्या का?" म्हणाले. "शाळेत शिकव, दुकान टाक, काय वाटेल ते कर. ही लाइन नको." त्याला कारण होतं. ह्यांचा जुना जोडीदार, आमच्या लग्नात पोट दुखेपर्यंत हसवणारा माणूस, खांबावरच गेला. काम संपलं असं समजून खालच्या कुणीतरी वीज सुरू केली. तेव्हापासून हे त्याचं नाव काढत नाहीत.

पण ठकू ऐकते होय! रुजू झाली, आणि नशीब बघा, पाठवली कुणाच्या हाताखाली? बापाच्याच. नवीन माणसाला काही महिने अजमावून बघायचं आणि मग मुकादमाने साहेबांना सांगायचं, हा वर चढण्याजोगा आहे की नाही. मुकादम नाही म्हणाला की खिडकीत बसून जन्मभर बिलं घ्यायची. ह्यांनी काय सांगायचं ते आधीच ठरवलं होतं.

"मी नाहीच म्हणणार," मला म्हणाले.

"अहो, पोरीच्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"पोटावर पाय परवडला. पोरगी गेलेली नाही परवडणार."

मलाही आतून तेच वाटत होतं, आणि तिची तडफडही बघवत नव्हती. हे तिला वर चढूच देईनात. दोर ओढ, शिडी धर, लोकांना लांब कर. ती घरी येऊन पिशवी आदळायची. "शिडी तर भिंतही धरते, आई! त्यासाठी मी परीक्षा दिली?"

मग तो वाऱ्याचा दिवस आला. भरदुपारी असा वारा सुटला की वाळत घातलेली चादर मी शेजारच्यांच्या छपरावरून आणली. कडाड करून फांदी मोडली आणि आमच्याच दारासमोरची तार तुटून लोंबायला लागली. गल्ली बंद. समोरच्या घरातले आजोबा श्वासाच्या मशीनवर, ते मशीन आता बॅटरीवर चाललेलं, आणि त्यांची सून दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन वर बघायची.

गँग आली. हे, ठकू, आणि लंबू नावाचा ह्यांचा सहकारी. लंबूची कंबर आदल्या दिवशीच धरलेली, बिचारा कंसासारखा वाकून चालत होता. ह्यांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढले, नेहमीसारखे स्वतःच्या खिशात घातले आणि शिडीवर पाय ठेवला. दोन पायऱ्या चढले आणि तसेच उतरले. चेहरा पांढराफटक. सकाळी गुडघा मुरगळला होता, पण सांगतील तर शपथ! दुसऱ्या गँगला फोन केला, ते कुठेतरी पडलेलं झाड तोडत होते. समोरची सून पुन्हा बाहेर आली. हे तिच्याकडे बघत राहिले, मग जमिनीकडे बघून म्हणाले, "ठकू, पट्टा बांध."

मी दारातच बसले.

ठकूने पट्टा बांधला, हेल्मेट चढवलं, हातमोजे घातले. वाटलं, आता चढणार. तर बया शिडी सोडून बापासमोर येऊन उभी राहिली. हात पुढे.

"फ्यूज द्या."

"आहेत की माझ्या खिशात."

"म्हणूनच मागतेय."

ह्यांच्या गँगचा एक कायदा आहे. जो खांबावर चढेल, फ्यूज त्याच्या खिशात. म्हणजे खाली कुणी कितीही शहाणपणा केला तरी तो उतरेपर्यंत तारेत वीज यायची नाही. कायदा ह्यांनीच घातलेला. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दम भरतात, "खाली सख्खा बाप उभा असला तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही!" आणि आज खाली सख्खा बापच उभा.

"अगं, मी बाप आहे तुझा," हे म्हणाले. "इथून हलणारसुद्धा नाही मी."

"बाप घरी, बाबा. इथे तुम्ही खाली उभे असलेले माणूस आहात. आधी फ्यूज, मग शिडी."

लंबू कंबर विसरून सरळ झाला. ह्यांचे कान लाल झाले, आणि ते लाल झाले की पुढे काय होतं ते मी जन्मभर बघितलंय. मनात म्हटलं, पोरी, चारचौघांत नको गं असं बोलूस! पण ह्यांनी खिशात हात घातला आणि तिन्ही फ्यूज एकेक करून तिच्या हातावर ठेवले. तिने ते खिशात घालून बटण लावलं, नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं, तार तपासली आणि चढली.

वर बघायची माझी छाती होईना. मी ह्यांच्याकडेच बघत होते. शिडी दोन्ही हातांनी धरलेली, आणि नजर सगळा वेळ त्या कोपऱ्यावरच्या पेटीवर. एक माणूस नुसता तिकडून जात होता, त्याच्यावर असे खेकसले की तो आल्या वाटेने परत गेला.

तार जोडून ठकू उतरली, स्वतःच्या हाताने फ्यूज बसवून आली, आणि पोरं ओरडली, "लाइन आली!" समोरची सून ठकूचे हात धरून रडली. मीही रडले, आणि वर तिला ओरडलेही, कारण तिचा कोपर चांगलाच खरचटला होता.

संध्याकाळी हे गुडघ्याला शेक घेत बसले आणि साहेबांना फोन लावला. "पोरगी चढण्याजोगी आहे," म्हणाले. "पण माझ्या गँगमध्ये नको. दुसऱ्या कुणाकडे द्या. ती वर असली की मला खाली उभं राहवत नाही."

फोन ठेवला. मी विचारलं, "काय हो, राग आलाय का तिचा?"

"अगं, भर गल्लीत बापावर भरवसा ठेवला नाही तिने!" डोळे भरून आले होते, आणि तोंडभर हसतही होते. "माझ्यावर नाही ठेवला, म्हणजे कुणावरच ठेवणार नाही. जगेल गं आपली पोरगी."